गायरान कोणी चरले?

महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून घोषित केले आणि गोशाळांतील देशी गायींसाठी दर गायीमागे दररोज पन्नास रुपये अनुदान मंजूर केले. विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर आली होती, तेव्हा या भक्तीचा उगम शोधण्यासाठी फार खोल जाण्याचे कारण नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. पन्नास रुपये मिळाले ते गोशाळांना. जी भूमिहीन बाई बांधाबांधाने गवत खुरपून, डोक्यावर भारा वाहून एक गाय जगविते आणि तिच्या दुधावर मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च भागविते, तिच्या दावणीपर्यंत त्यातला छदामही पोचणार नव्हता. आणि खुद्द गायीला काय मिळाले? पदवी. जिच्या नावाने गावोगाव जमीन राखून ठेवलेली होती, ज्या जमिनीच्या नावातच गाय आहे, त्या गायरानाविषयी या निर्णयात अवाक्षर नाही. मातेला मखरात बसवावे आणि तिच्या पुढ्यातले ताट मात्र दुसऱ्याला वाढावे, असा हा प्रकार आहे.

दुधाच्या प्रश्नावर आपली चळवळ गेली कित्येक वर्षे एकच मागणी करीत आली आहे : दर वाढवून द्या. ती मागणी न्याय्य आहे आणि ती सोडावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु तिचे काय होते ते एकदा शांतपणे पाहिले पाहिजे. जुलै २०२३ मध्ये शासनाने साडेतीन फॅट व साडेआठ एसएनएफच्या गाय-दुधाला लिटरमागे किमान ३४ रुपये दर ठरवून दिला. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात संघांनी आणि खाजगी डेअऱ्यांनी तो पंचवीस-सत्तावीसपर्यंत खाली आणला, आणि शासनाने कोणाचाही केस वाकडा केला नाही. मग जानेवारी २०२४ मध्ये लिटरमागे पाच रुपयांचे अनुदान आले, ऑक्टोबरात ते सात रुपये झाले. पण त्यासाठी गायीच्या कानात बिल्ला हवा, बिल्ल्याचा क्रमांक संगणकात हवा, खाते जोडलेले हवे. आदेश शासनाचा, दर डेअरीचा आणि तोटा उत्पादकाचा, अशी ही वाटणी आहे. पुष्कळ ठिकाणी जो संघ दूध घेतो तोच पेंडीचे पोते देतो आणि दहा दिवसांच्या बिलातून त्याचे पैसे कापून घेतो. दर दोन रुपयांनी वाढला की कांडीचे पोते महाग होते. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याची ही युक्ती साखर कारखानदारीत आपण ओळखली. डेअरीच्या दारात मात्र आपण अजून फॅट आणि डिग्री यांवरच भांडतो आहोत.

दुधाच्या उत्पादनखर्चातील साठ ते सत्तर टक्के भाग चारा आणि खुराक यांचा असतो. म्हणजे ज्याच्या हाती चारा आहे त्याच्याच हाती दुधाचा भाव आहे. चारशे किलो वजनाच्या गायीला दिवसाकाठी दहा-बारा किलो कोरडा चारा लागतो. तोच हिरवा मोजला तर चाळीस-पन्नास किलो भरतो. त्यावर दर अडीच लिटर दुधामागे किलोभर खुराक हा सर्वमान्य ठोकताळा आहे. दहा-वीस एकर बागाइतदाराला हे जड नाही. त्याच्या बांधावर नेपियर आहे, विहिरीवर लसूणघास आहे, मुरघासाचा खड्डा आहे. ज्याला दोन एकर कोरडवाहू आहे किंवा तेवढेही नाही, तो मात्र ही सर्व सामग्री विकत घेतो. कारखान्याच्या हंगामात तो उसाची वाढी आणतो. गाय ती खाते, पण वाढ्यांतील ऑक्झॅलेट तिच्या अंगचा चुना धरून ठेवते आणि वेतागणिक ती आतून खंगत जाते. बारमाही विकतच्या चाऱ्यावर उभी असलेली गाय ही त्या कुटुंबाची मालमत्ता नसून पेंड-कारखान्याची कूळ आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. देशाचे दूध २०२३-२४ साली २३ कोटी ९३ लक्ष टनांवर गेले आणि १९९८ पासून आपण जगात पहिले आहोत, हे आकडे खरे आहेत. त्या दुधाखालची जमीन कोणाची, हा प्रश्न १९७० साली सुरू झालेल्या दूध महापूर योजनेने विचारला नव्हता. आज सरकारही विचारीत नाही आणि, खेदाने म्हणावे लागते, आपणही विचारीत नाही.

गायरान ही काही सरकारने कृपेने दिलेली चीज नव्हे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या बाविसाव्या कलमाप्रमाणे गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवली जाते, आणि तेविसाव्या कलमाप्रमाणे तिच्यावर चरण्याचा हक्क त्या गावच्या गुरांचा आहे. त्याही आधी, १८८३ साली, जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये इंग्रजांच्या जंगलखात्याने डोंगर आणि चराऊ राने गिळंकृत करून कुणब्याची गुरे कशी उपाशी मारली, यावर कोरडे ओढले होते. जंगलखात्याने ओढलेल्या त्या रेघेबाहेर जे उरले ते गायरान. आता त्याचीही वाट लागली आहे, आणि ती कोणी लावली याविषयी एक सोयीस्कर कथा गेली काही वर्षे पद्धतशीरपणे पसरविली जात आहे. ती अशी, की गायराने खाल्ली ती अतिक्रमण करणाऱ्या झोपड्यांनी आणि दलित-भटक्यांच्या पट्ट्यांनी.

ही कथा सरकारच्याच आकड्यांवर तपासू. जगपाल सिंग खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा निकाल दिला. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद नमूद केला होता, हे सांगताना आपल्या अधिकाऱ्यांचा घसा नेमका बसतो. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत गायरानांवरील अतिक्रमणे काढण्यास सांगितले, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत नोटिसांचे गठ्ठे निघाले. त्या वेळी शासनाने जी माहिती न्यायालयापुढे ठेवली ती अशी : राज्यातील एकूण गायरान सुमारे ४ लाख ५२ हजार हेक्टर, अतिक्रमणे २ लाख २२ हजारांवर, त्यांनी व्यापलेली जमीन १० हजार ८९ हेक्टर. आता भागाकार करा. एका अतिक्रमणाच्या वाट्याला सरासरी साडेचार गुंठे येतात. साडेचार गुंठ्यांत शेती होत नाही. एक घर, एक न्हाणी, एक शेळी बांधायची जागा, एवढेच होते. आणि या सर्वांनी मिळून व्यापलेली जमीन एकूण गायरानाच्या सव्वादोन टक्के आहे. मग उरलेल्या पावणेअठ्ठ्याण्णव टक्क्यांवर कमरेएवढे गवत डोलत असले पाहिजे! कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या गायरानात जाऊन ते शोधून पाहावे. तेथे मुरुमाचे खड्डे दिसतील, वाळूचे ढीग दिसतील, बड्या बागाइतदाराचा हळूहळू सरकत आलेला बांध दिसेल. गवत दिसले तर तो भाग्ययोग समजावा. आता तर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेखाली गायराने नाममात्र भाड्याने सौर प्रकल्पांना दिली जात आहेत. सूर्याच्या विजेला आमचा विरोध नाही. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी ही आपलीच मागणी होती. पण कारखान्यांच्या छपरांवर, धरणांच्या कालव्यांवर, साखरसम्राटांच्या पडीक आवारांवर ज्या काचा बसू शकतात, त्या नेमक्या गावच्या कुरणावरच का बसतात, याचे उत्तर उघड आहे. कुरणाला सातबारावर वारस नाही.

कुंपणच शेत खाते असे आपण म्हणतो; येथे कुंपणाने शेत खाऊन वर राखणदारावर चोरीचा आळ घेतला आहे. १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो भूमिहीन तुरुंगात गेले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलितांची गायरान-वहिवाट नियमित करण्याचे मान्य केले, आणि तरी ते काम आजतागायत अर्धवट आहे. हे पट्टे नियमित झालेच पाहिजेत. गायीचे नाव पुढे करून या कुटुंबांना उठविण्याचा जो कोणी प्रयत्न करील त्याच्या विरोधात उभे राहणे, ही गायरान वाचविण्याच्या कोणत्याही लढ्याची पहिली अट आहे.

परंतु पट्टे झाले म्हणजे गायरानाचा प्रश्न संपला असे मानणारे साथीही आपल्यात आहेत, आणि त्यांच्याशी आमचा मतभेद आहे. उरलेला माळ तुकडे करून वाटला तर प्रत्येकाच्या पदरात मुरमाड एकर-अर्धा एकर पडेल. तो पिकणार नाही, सावकाराकडे जाईल किंवा सौर कंपनीकडे जाईल. तोच माळ एकत्र राखला तर त्यावर गवत येते, आणि गवत हे एकच पीक असे आहे की ज्याला मुरूम चालतो, बी-भांडवल थोडे लागते आणि ज्याची कापणी गाय स्वतःच्या दाताने करते.

मात्र ते राखावे लागते. उसाच्या उताऱ्याचे गणित ज्यांना तोंडपाठ आहे त्यांना गवताचे शास्त्र अवघड जाण्याचे कारण नाही. मृगाचा पाऊस पडला की गवताला जो पहिला कोंब फुटतो तो मुळांत साठविलेल्या शिदोरीवर फुटतो. पान मोठे झाले की ते ऊन खाऊन ती उसनवारी फेडते आणि वर शिल्लक टाकते. पण चार महिने कोरड्यावर काढलेली गुरे पहिल्याच आठवड्यात त्या हिरव्या लवीवर तुटून पडतात. कोंब खाल्ला जातो, मूळ पुन्हा शिदोरी उघडून दुसरा कोंब देते, तोही खाल्ला जातो. तिसऱ्या-चौथ्या वेळी देण्यासारखे काही उरत नाही. मुळे आखडतात, जमीन उघडी पडते, पाऊस मुरण्याऐवजी माती घेऊन ओढ्याला जातो. ज्या जाती गुरांना आवडतात त्याच आधी मरतात. पवन्या गेला, मारवेल गेले, शेडा गेला. मागे राहते ते तोंडात आणि कातडीत रुतणारे कुसळ, आणि त्यानंतर तरोटा, घाणेरी आणि गाजरगवत. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेल्या या शेवटच्या तणाला खेड्यांत काँग्रेस गवत म्हणतात. ज्या अनामिकाने ते नाव ठेवले त्याला राजकारणाचे काही तरी कळत असले पाहिजे, कारण ते कोठेही उगवते, कशालाही पोसत नाही आणि उपटले तरी जात नाही. (हल्ली त्या नावाला इतर पक्षही तितकेच पात्र ठरतील.)

यात दोष गुरांच्या संख्येचा जेवढा आहे त्याहून अधिक वेळेचा आहे. त्याच माळाचे चार भाग केले, एक भाग पावसाळाभर बी झडेपर्यंत मिटून ठेवला, उरलेल्या तिहींत गुरे पाळीपाळीने फिरविली, गवत चार बोटांवर आले की गुरे हलविली, आणि दरवर्षी मिटण्याचा भाग बदलला, तर तीच गुरे, तोच पाऊस असताना तीन-चार वर्षांत माळाचे रूप पालटते. मध्ये स्टायलो आणि दशरथ घास यांसारख्या द्विदल जाती पेरल्या तर चाऱ्यातील प्रथिने वाढतात. उजाड माळ हेक्टरी टनभर वाळले गवतही देत नाही. राखलेला माळ तीन-चार टनांपर्यंत जातो. मिटलेल्या भागातील गवत फुलोऱ्यावर असतानाच कापावे लागते. दिवाळीनंतर पिवळे पडलेले गवत पोट भरते, पण त्यातील प्रथिने निम्म्याहून खाली आलेली असतात आणि दूध पोटातून येत नाही, प्रथिनांतून येते.

येथे डेअरीचा तज्ज्ञ हसून म्हणेल, की पंधरा-वीस लिटर देणारी होल्स्टीन संकरित गाय माळावर चरून काय देणार? बरोबर आहे. ती दुधावर असताना माळावर भागणार नाही. पण तीच गाय वर्षातून दोन-तीन महिने भाकड असते, तिची कालवड व्यायला दोन-अडीच वर्षे लागतात, आणि या सर्व काळात ती दावणीला उभ्या उभ्या विकतचे खाते. दूध न देणाऱ्या जनावराचा हा खर्चच लहान उत्पादकाला बुडवितो. तो भार माळाने उचलला तर लिटरचा खर्च खाली येतो. आणि ज्या घरात तीन-चार लिटरची देशी गाय आहे तिला पावसाळ्याचे चांगले गवत जवळपास पुरते. गायरानांनी राज्यातील साऱ्या गुरांचे पोट भरेल असा दावा आम्ही करीत नाही. निम्मी गायराने जरी हाती आली आणि हेक्टरी तीन टन गवत निघाले, तरी दीड लाखावर गायींचा वर्षभराचा कोरडा चारा होतो. ज्यांच्या नावावर एक गुंठाही नाही अशा दीड लाख घरांच्या दृष्टीने ही किरकोळ गोष्ट नव्हे.

समाजवादी मंडळींना या बाबतीत क्यूबाची हकीकत बोधप्रद वाटावी. गवताला विश्रांती किती द्यावी याचे शास्त्र ज्याने बांधले तो फ्रान्समधील शेतकरी-शास्त्रज्ञ आंद्रे व्हुआझँ फिडेल कॅस्ट्रो यांच्या निमंत्रणावरून डिसेंबर १९६४ मध्ये क्यूबाला व्याख्याने देण्यास गेला आणि त्याच महिन्यात हवानात वारला. त्याचे म्हणणे साधे होते : गवत पुरते सावरल्याखेरीज जनावराने त्याला दुसऱ्यांदा तोंड लावू नये. परंतु क्रांतिकारी सरकारलाही विक्रमाचा मोह आवरला नाही. १९८२ साली ‘उब्रे ब्लांका’ नावाच्या संकरित गायीने एका दिवसात शंभरावर लिटर दूध दिले, तिचा जगभर डांगोरा पिटला गेला, मेल्यावर तिच्यात पेंढा भरून तिला जपून ठेवण्यात आले. देशाची डेअरी मात्र सोव्हिएत गटाकडून येणाऱ्या खुराकावर उभी होती. १९९१ नंतर ती आवक थांबली आणि क्यूबाचे दूध आटले. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? उत्पादनाची साधने राष्ट्राच्या मालकीची झाली तरी गायीचा घास परदेशी गोदामात असेल तर मालकी कागदावरच राहते.

न्यूझीलंडचा बागुलबुवा तर आपण सर्वांनीच उभा केला होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत प्रादेशिक सर्वंकष आर्थिक भागीदारी करारातून बाहेर पडला, तेव्हा तेथील स्वस्त दूधभुकटीपासून वाचलो म्हणून आपण सुटकेचा निःश्वास टाकला. तो योग्यच होता. परंतु तेथील दूध स्वस्त का, हे कोणी विचारले नाही. तेथे पाऊस बारमाही आहे आणि गाय वर्षभर एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात चरत फिरते, हे त्याचे मुख्य कारण. तेथील भांडवली शेतीने युरियाचा अतिरेक करून कँटरबरीच्या भूजलात नायट्रेट उतरविले, हेही खरे. तेव्हा तो आदर्श जसाच्या तसा उचलण्याजोगा नाही.

आपल्याकडचा आदर्श म्हणून हिवरेबाजारचे नाव घेतले जाते. नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) या अवर्षणग्रस्त गावाने पोपटराव पवार यांच्या कारकिर्दीत चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, पाणी अडविले, डोंगरावरचे गवत कापून नेण्याची मुभा गावकऱ्यांना दिली, आणि दिवसाचे दीडशे लिटर दूध काही हजार लिटरांवर गेले. हे काम मोठे आहे. पण त्याची नक्कल करणाऱ्या शेकडो गावांत नुसती चराईबंदी आली, बाकी काही आले नाही. बंदी म्हणजे शेळी पाळणाऱ्या विधवेची आणि मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगराची बंदी. ज्याच्या गोठ्यात दहा गायी आणि विहिरीवर घास आहे त्याला बंदीने काय होते? राखलेले गवत कापायला ज्याच्याकडे मजूर आहेत तोच ते घेऊन जातो. म्हणून कुरण मिटवताना पहिला प्रश्न हा विचारला पाहिजे, की मिटलेल्या काळात भूमिहीनांची जनावरे काय खातील. त्याचे उत्तर नसेल तर ती चराईबंदी म्हणजे सभ्य भाषेतली बेदखली आहे. वनहक्क कायद्याने २००६ साली जंगलातील चराईचा सामूहिक हक्क, फिरस्त्या पशुपालकांसह, मान्य केला आहे. गायरानाबाबतही तोच न्याय लागला पाहिजे.

गोरक्षणाचे राजकारण करणाऱ्यांना या कशाशीच कर्तव्य नाही. मार्च २०१५ मध्ये बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, शेतकऱ्याच्या हातचे म्हाताऱ्या बैलाचे चार पैसे गेले. २०१२ आणि २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान राज्यातील गोवंश सुमारे दहा टक्क्यांनी घटला. तो केवळ कायद्याने घटला असे नाही. यंत्रे आली, दुष्काळ आले. पण रक्षणाची एवढी गर्जना चालू असताना रक्षिले जाणारेच कमी होत गेले, याचा जाब कोणी तरी दिला पाहिजे. २०१३ आणि २०१९ च्या दुष्काळांत शासनाने चारा-छावण्यांवर कोट्यवधी ओतले. छावणी उठली की माळ पुन्हा तसाच बोडका.

तेव्हा मागणी दराबरोबरच कुरणाची असली पाहिजे. दूध-उत्पादकांच्या मोर्चात ‘चौतीस रुपये’ या फलकाशेजारी ‘गायरानाचा नकाशा दाखवा’ हा फलक असला पाहिजे. मोजणी बड्या बांधापासून सुरू व्हावी, झोपडीपासून नव्हे. १९९१ चे पट्टे आधी नावावर चढावेत. उरलेले गायरान ग्रामसभेच्या ठरावाने चराई-समितीकडे यावे, आणि तीत भूमिहीन, दलित, धनगर आणि प्रत्यक्ष गोठा सांभाळणाऱ्या बाया यांचे बहुमत असावे. संघाच्या संचालकाला तेथे खुर्ची नको. बांधबंदिस्ती, गवताचे बी, कुंपण ही कामे रोजगार हमीतून व्हावीत. ज्या महाराष्ट्राने ही कल्पना देशाला दिली त्याला हे शिकविण्याची वेळ येऊ नये. कापलेल्या गवताचा पहिला वाटा जमीन नसलेल्यांचा, आणि तो मिटलेल्या भागाची भरपाई म्हणून, दान म्हणून नव्हे. गायरानाचा एक गुंठाही ग्रामसभेच्या संमतीवाचून कोणत्याही कंपनीला जाऊ नये, मग ती कंपनी सूर्याची असो की साखरेची.

हे सर्व मृगापूर्वी ठरावे लागते, कारण एकदा पाऊस पडून कोंब वर आला की मिटावयाचा भाग गुरांच्या पायाखाली जातो आणि वर्ष वाया जाते. १ मे ची ग्रामसभा त्यासाठी सोयीची आहे. तिच्यापूर्वी प्रत्येक शाखेने तलाठ्याकडून आपल्या गावच्या गायरानाचे गट क्रमांक, सातबारा आणि फेरफार यांच्या नकला काढून घ्याव्यात, आणि त्या घेऊन गुराख्यांसह एकदा तो माळ चालून यावा.